इलेक्ट्रोकेमिकल गॅस सेन्सर

हवेतल्या एखाद्या गॅसची केमिकल रिअ‍ॅक्शन घडवून, त्यातनं मिळणाऱ्या करंटवरनं किंवा व्होल्टेजवरनं तो गॅस किती आहे ते सांगणारा छोटा सेल म्हणजे इलेक्ट्रोकेमिकल गॅस सेन्सर. नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, पावणे, तुर्भे ह्या एमआयडीसी पट्ट्यात सेफ्टीवाल्यांच्या खिशाला जो फोर-गॅस मीटर अडकवलेला असतो, त्यातले ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडचे सेन्सर बहुतेक वेळा ह्याच जातीचे असतात. चौथा, जळणाऱ्या गॅसचा, सहसा वेगळ्या तत्त्वावर चालतो.

मीटर उघडला की आत साधारण २० मिलिमीटर रुंदीची प्लास्टिकची डबी दिसते, खाली तीन पिना, वर बारीक भोक आणि पांढरा टेफ्लॉनचा पडदा. ह्या पडद्यातनं गॅस आत जातो पण आतलं ॲसिड बाहेर येत नाही. आत वर्किंग, काउंटर आणि रेफरन्स असे तीन इलेक्ट्रोड सल्फ्युरिक ॲसिडने भिजलेले असतात. कार्बन मोनॉक्साइड वर्किंग इलेक्ट्रोडवर पोचला की पाण्याशी रिअ‍ॅक्ट होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो आणि दोन इलेक्ट्रॉन सुटतात, काउंटरवर ऑक्सिजन ते घेऊन पाणी बनवतो, आणि मधल्या वायरीतनं जाणारा करंट गॅसच्या प्रमाणात असतो, तोही अगदी बारीक, नॅनो किंवा मायक्रोअ‍ॅम्पिअरमधे. भोक बारीक ठेवतात कारण आत येणारा सगळा गॅस लगेच खर्च व्हायला हवा, तरच रीडिंग सरळ रेषेत वाढतं. ह्याला अँपेरोमेट्रिक प्रकार म्हणतात. नाकाबंदीत पोलीस जी नळी फुंकायला देतात त्यातला फ्युएल सेलही ह्याच घराण्यातला, फक्त तिथे अल्कोहोल जळतं.

ऑक्सिजनचा सेन्सर बऱ्याचदा गॅल्व्हानिक, म्हणजे स्वतःच एक बॅटरी. त्यात शिशाचा अ‍ॅनोड असतो आणि तो हळूहळू संपतो, साधारण दोन वर्षांत. अमेरिकन शास्त्रज्ञ लेलंड क्लार्क यांचा १९५६ मधला ऑक्सिजन इलेक्ट्रोड पडद्याआड इलेक्ट्रोड ठेवायच्या ह्याच कल्पनेवरचा. तिसरा प्रकार पोटेन्शिओमेट्रिक, व्होल्टेज मोजणारा: गाडीच्या सायलेन्सर लाइनमधला झिर्कोनिया ह्या सिरॅमिकचा, धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर. तो ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑक्सिजनचा सेल मेला तर रीडिंग स्वच्छ हवेतल्या २०.९ टक्क्यांवरनं खाली येतं आणि मीटर ओरडतो, म्हणजे बिघाड स्वतःच सांगतो. हायड्रोजन सल्फाइडचा सेल मेला तर रीडिंग शून्य, आणि स्वच्छ हवेतही शून्यच! स्क्रीनकडे बघून दोन्हीतला फरक कुणालाही कळत नाही. नाकावर तर अजिबात विसंबू नये, ह्या गॅसचा सडक्या अंड्यासारखा वास साधारण १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) येईनासा होतो कारण नाकच बधिर होतं. म्हणून वापराआधी रोज बम्प टेस्ट, सिलिंडरमधला, प्रमाण माहीत असलेला गॅस सोडून मीटर वाजतो का ते बघायचं. माझ्या ओळखीच्या एका प्लांटमधे हा सिलिंडर कित्येक महिने संपलेला होता आणि रजिस्टरमधे मात्र रोज टिक होती, ते बघून पोटात गोळा आला होता.

आपल्याकडच्या पावसाळ्यात अजून एक त्रास, दमट हवेत ॲसिड पाणी ओढून फुगतं, कधी सील गळतं, आणि भोकावर थेंब बसला तर गॅस आत जातच नाही, रीडिंग कमी येतं. उलट स्पिरिटने मीटर पुसला तर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा उगाच उसळतो, हायड्रोजनलाही तो सेन्सर फसतो. त्यामुळे कोरड्या कपड्याने पुसणं बरं.

सांडपाण्याच्या टाकीत माणूस उतरायच्या आधी मीटरला हवा ओढून देणाऱ्या पंपाची नळी वर, मधे आणि तळाशी अशी तीन ठिकाणी सोडायची, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. प्रत्येक ठिकाणी निदान मिनिटभर थांबायचं, सेलला रीडिंग चढायलाच अर्धं मिनिट लागू शकतं, आणि नळी लांब असेल तर हवा वरपर्यंत यायला लागतो तो वेळ वेगळा धरायचा.