नकाशा संपतो तिथं, आणि वाट संपते तिथं

निपाणीत दहावीच्या मुलांना कृष्णविवर शिकवताना एकानं विचारलं, "सर, त्या काठावर गेलं की संपलंच न्हवं?" काठ म्हणजे घटना क्षितिज, जिथून आत गेलेलं काहीच बाहेर येत नाही ती सीमा. तो काठ आणि आतली सिंग्युलॅरिटी, म्हणजे जिथं वाटच संपते ते केंद्र, यांची गल्लत मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही झाली होती.

१९१६ साली आइनस्टाईनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांचं, जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी काढलेलं उत्तर छापून आलं. त्यातलं सूत्र दोन ठिकाणी बिघडतं, भागाकारात शून्य येतं: एकदा केंद्रात, एकदा केंद्रापासून ठराविक अंतरावर, म्हणजे क्षितिजावर. सूर्याएवढ्या वस्तुमानाला हे अंतर सुमारे ३ किलोमीटर, पृथ्वीएवढ्याला जेमतेम ९ मिलिमीटर.

आता महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. कोल्हापूरहून निघालेला महामार्ग कागलच्या पुढे दिसेनासा होतो. एसटीत बसलेल्याला मात्र कोगनोळी लागते, निपाणी लागते, बेळगावही येतं. संपला तो कागद. बाहेरच्या अंतरावरचा बिघाड असाच कागदाचा होता. १९३३ मध्ये बेल्जियमचे शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी मोजण्याची पद्धत बदलून ते दाखवलं. दाखला इथं तोकडाही पडतो. कोगनोळीहून कागलला परतता येतं, क्षितिजाच्या आतून प्रकाशालाही परतता येत नाही. तरी विवर पुरेसं मोठं असेल तर ओलांडताना अंगाला काही जाणवणार नाही.

केंद्राचं तसं नाही. शेत गुंठ्यात मोजा की एकरात, जमीन तेवढीच राहते. अवकाशकाल, म्हणजे जागा आणि वेळ यांचं एकत्र विणलेलं वस्त्र, किती वाकलाय हे सांगणारी अशीच एक राशी आहे. क्षितिजावर ती मर्यादित असते, केंद्राकडे जाताना अनंताकडे धावते. कुठल्याही नव्या नकाशानं हे सुटत नाही.

मला सगळ्यात हादरवून टाकतं ते पुढचं. क्षितिजाच्या आत सिंग्युलॅरिटी ही समोरची जागा राहत नाही, ती येणारी वेळ होते. गोकाकच्या धबधब्याच्या कड्यावरून पाय मागे घेता येतो. उद्यापासून कसा घेणार? आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सुमारे ४० लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं विवर आहे. ते फिरत नाही असं धरलं, तर आत पडलेल्याचा तो 'उद्या' फार तर मिनिटभरावर असतो.

विवर अगदी गोल मानल्यामुळंच गणितात सिंग्युलॅरिटी येत असेल, ही शंका बरीच वर्षं होती. कोलकात्याचे भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरी यांचं १९५५ मधलं समीकरण वापरून १९६५ मध्ये ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोज यांनी ती दूर केली. २०२० चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. घनता अनंत होते असं त्यांचं प्रमेय म्हणत नाही. ते एवढंच सांगतं की आत निदान एका तरी प्रकाशकिरणाची वाट पुढं नेता येत नाही.