हाराजुकूचा पालापाचोळा

टोकियोतल्या हाराजुकू स्टेशनच्या एका अंगाला ताकेशिता गल्ली आहे. क्रेपच्या, म्हणजे गोड पातळ धिरड्यांच्या टपऱ्या, रंगीबेरंगी कपडे, दर दुकानाचं वेगळं गाणं आणि खांद्याला खांदा घासणारी गर्दी. अर्ध्या तासात डोकं भणभणतं. दिवाळीत लक्ष्मी रोड पालथा घालणारा माणूस इथे इतका का थकतो? घरच्या गोंगाटाला मेंदू सरावलेला असतो. रिक्षाचा हॉर्न, भाजीवाल्याची हाळी, यांचे अर्थ त्याला पाठ असतात, म्हणून तो ते कानाआड करतो. परक्या शहरात प्रत्येक घोषणा नवी, प्रत्येक टिंगटिंग नवी. काहीच सोडून देता येत नाही.

यावरचा उतारा त्याच स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला आहे. मेइजी जिंगू या शिंतो देवळाभोवतीचं सुमारे ७० हेक्टरांचं रान, तेही माणसांनी लावलेलं. सम्राट मेइजी १९१२ साली वारले, त्यांचं देऊळ १९२० साली उभं राहिलं आणि त्याच्या रानासाठी लोकांनी देशभरातून सुमारे १ लाख झाडं पाठवली. पंतप्रधान ओकुमा शिगेनोबू यांना निक्को या देवळांच्या गावासारखी सुगी वृक्षांची, म्हणजे जपानी सीडरची, उंच राई हवी होती. वनशास्त्रज्ञ होंदा सेइरोकू आणि त्यांचे सहकारी अडून बसले. इथली माती आणि शहराचा धूर सुगीला मानवणार नाही, म्हणाले. त्यांनी भर दिला ओक, कापूर अशा रुंद पानांच्या सदाहरित झाडांवर, म्हणजे शंभर-दीडशे वर्षांत रान आपलं आपण वाढू लागेल. पंतप्रधानाला मातीचं कारण देऊन नमवणारी ही मंडळी मला फार आवडतात.

झाडं आवाज अडवतात असं आपण सहज म्हणतो. पण झाडांची एखाद-दुसरी रांग फारसं काही अडवत नाही. पानं विखुरतात ते मुख्यतः चिरके आवाज. जाड घरघर त्यांतून आरपार जाते. म्हणून रानाच्या कडेला यामानोते लाइनची, म्हणजे टोकियोच्या लोकलची गाडी ऐकू येतच राहते. खरं काम करतात अंतर आणि जमीन. वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ३ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले की कानाला तो निम्मा वाटतो. त्यात जमीन भुसभुशीत असेल तर आणखी फरक पडतो. कुजलेल्या पानांच्या थरात असंख्य बारीक पोकळ्या असतात. हवेची कंपनं त्यांत शिरतात, घासतात आणि त्यांची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. डांबर तोच आवाज परत फेकतं.

इथल्या वाटा रोज झाडणाऱ्यांना 'हाकिया-सान' म्हणतात. लांब खराट्याने गोळा केलेली पानं ते फेकत नाहीत, रानातच परत नेऊन टाकतात. हेतू खताचा, पण आवाज जिरवणारी गादीही त्यानेच भरत राहते.

एवढी जागा नसेल तर उलटी युक्ती चालते. न्यूयॉर्कच्या ५३व्या रस्त्यावर १९६७ साली झालेल्या चिमुकल्या पेली पार्कमध्ये सुमारे ६ मीटर उंचीची पाण्याची भिंत कोसळत असते. तिथे आवाज वाढलेलाच असतो! पण पाण्याच्या एकसुरी खळखळाटात हॉर्न बुडून जातात आणि पाणी आपल्याकडे काही मागत नाही.

मेइजी जिंगूचं दार सूर्योदयाला उघडतं. तेव्हाच जावं. वाट बारीक खडीची आहे. थोडं आत गेलं की आपल्याच बुटांखालची करकर ऐकू येऊ लागते. दुपारी गेलात तर बाकीच्यांचीही येते.