शनिवारवाड्याभोवतीचे शंभर मीटर

शनिवारवाडा कोणी बांधला, तिथे काय घडलं, हे वाचणाऱ्यांना पाठ असेल. त्याच्याभोवती शंभर मीटरांत बांधकामाला जी बंदी आहे, त्या सध्याच्या वादापुरतं एवढंच पुरे: १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या, तट आणि दरवाजे उरले. या अवशेषांना १९१९ मध्ये संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला आणि खोदकामात जोती, हौद, कारंजी उघडी पडली. आज तिकीट काढून बघतो ते हेच.

शेजारच्या कसबा आणि शनिवार पेठेतले वाडे मात्र नांदते होते. दगडी जोतं, लाकडी खांब, वर विटामातीच्या भिंती. केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत त्यांना जागा नव्हती, आणि स्मारकं जपण्यासाठी १९५८ चा कायदा आला तरी शेजाऱ्यांना त्याचा फारसा जाच नव्हता.

जाच सुरू झाला १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने. स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित, म्हणजे बांधकामाला बंदी; त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, म्हणजे परवानगी घेऊनच बांधकाम. तरी अपवाद म्हणून परवानग्या मिळत राहिल्या. २००९ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ती पद्धतच बेकायदा ठरवली. २०१० च्या दुरुस्तीने अंतर थेट कायद्यात घातलं, आधी दिलेल्या परवानग्या मात्र पदरात घेतल्या. ज्यांनी वेळेत वशिला लावला ते सुटले, असं पेठेत म्हणतात ते उगीच नाही.

खरी मेख पुढे आहे. १०० मीटर वास्तूच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून मोजायचे. स्मारक मोठं असो वा लहान, गावात असो वा रानात, अंतर तेच. १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण रीतसर अर्ज करून करता येतं. पुनर्बांधणी नाही, मग ती त्याच जोत्यावर, त्याच उंचीची असली तरी. पण मातीची भिंत पावसात बसली आणि खांब किडला, की दुरुस्ती कुठे संपते? पालिका वाड्याला धोकादायक म्हणून नोटीस लावते, तो उतरवला की त्या जागी पुन्हा उभं काही करता येत नाही. भाडेकरू हक्क जाईल म्हणून खोली सोडत नाही, मालक पैसे घालत नाही. पेशवाईचं पुणं जपायचं म्हणून केलेला नियम पेठेतले जुने वाडेच टेकूवर ठेवतो.

नियम नसता तर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर बारा मजले उठले असते, हेही खरंच. पण सगळ्या देशाला एकच फूटपट्टी लावायची गरज नव्हती. प्रत्येक स्मारकासाठी वेगळी उपविधी, म्हणजे त्या जागेपुरते नियम, करायची तरतूद २०१० च्या दुरुस्तीतच आहे. ते काम रेंगाळलं.

जानेवारी २०१८ मध्ये प्रतिबंधित क्षेत्रात सार्वजनिक कामांना मुभा देणारं विधेयक लोकसभेत मंजूर झालं. राज्यसभेत ते चिकित्सा समितीकडे गेलं आणि तिथून कायदा होऊन बाहेर आलं नाही. पुढे पुण्याची मेट्रो आगाखान पॅलेस या संरक्षित स्मारकासमोरचा नगर रस्ता सोडून कल्याणीनगरातून वळवली गेली. त्या विधेयकात राहत्या वाड्यांसाठी तसंही काही नव्हतं.