दोन प्रोटॉन एकच जोडकण म्हणून निघतात, की वेगवेगळे पण एकाच वेळी?

प्रोटॉनांचे आधिक्य असलेली काही अणुकेंद्रके एकदम दोन प्रोटॉन टाकून क्षय पावतील, हे भाकीत 1960 मध्ये सोव्हिएत संघात झाले. प्रोटॉनांची संख्या सम असली की शेवटचे दोन जोडीने बांधलेले राहतात. त्यांतला एकच सोडायला ऊर्जा पुरत नाही, दोन्ही सोडायला मात्र ती पुरते, असा तो तर्क होता. पुढची चार दशके योग्य केंद्रक शोधण्यात गेली. बेरिलियम-6 (आकडा म्हणजे केंद्रकातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) दोन प्रोटॉन टाकते, पण ते इतके अल्पजीवी आहे की त्याच्या विघटनाला किरणोत्सर्ग म्हणणे कठीण. 1983 मध्ये ॲल्युमिनियम-22 मधून दोन प्रोटॉन निघाले, तेही थेट नव्हे, तर बीटा क्षयानंतर, म्हणजे आधी एका प्रोटॉनाचे न्यूट्रॉनात रूपांतर झाल्यावर.

खरी गुंतागुंत ‘द्विप्रोटॉन’ या शब्दाची आहे. आरंभीच्या अंदाजांत गणिताच्या सोयीसाठी ही जोडी म्हणजे द्विप्रोटॉन किंवा हीलियम-2 नावाचा एकच कण मानला गेला आणि तो बोगदा-परिणामाने, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही आरपार जाऊन, कूलंब अडथळा (विद्युत बलामुळे केंद्रकाभोवती असलेला ऊर्जेचा बांध) ओलांडतो असे धरले गेले. हीलियम-2 ला बद्ध अवस्थाच नाही, म्हणजे ते दोन प्रोटॉन एकत्र टिकूच शकत नाहीत, हे माहीत असूनही ती प्रतिमा टिकली. दुसरे चित्र तीन घटकांचे आहे: उरलेले केंद्रक आणि दोन प्रोटॉन एकाच वेळी परस्परांपासून सुटतात आणि ऊर्जा तिघांत वाटली जाते. मराठीत या दोन्ही प्रक्रियांना ‘द्विप्रोटॉन उत्सर्जन’ म्हणणे सहज घडते, आणि तसे म्हणताच न तपासलेली कल्पना निष्कर्षाच्या जागी बसते. ‘दोन-प्रोटॉन उत्सर्जन’ हा शब्द ओबडधोबड असला तरी अधिक प्रामाणिक आहे.

2002 मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतील दोन प्रयोगांनी लोह-45 चा असा क्षय नोंदवला. निकेल-58 च्या झोतातील केंद्रके फोडून मिळवलेली ही केंद्रके सिलिकॉन शोधकात थांबवली; सुमारे 1.1 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा आणि काही मिलिसेकंदांचे अर्धायुष्य मिळाले. हा शोध मोलाचाच, परंतु हाती आली ती केवळ एकूण ऊर्जा. प्रोटॉन स्वतंत्रपणे दिसले नव्हते.

ते 2007 मध्ये वायूने भरलेल्या कक्षांत दिसले. त्यांपैकी एका प्रयोगात कॅमेऱ्याने प्रकाशरेषा टिपल्या: आत शिरलेल्या लोहकेंद्रकाची रेषा जिथे संपते, तिथूनच दोन आखूड रेषा वेगवेगळ्या दिशांना फुटतात. अशा 75 घटनांमध्ये प्रोटॉनांमधले कोन मोजले, तेव्हा लहान कोनांबरोबर मोठ्या कोनांकडेही एक उंचवटा आढळला. प्रोटॉन हीलियम-2 म्हणून बाहेर आले असते, तर कोन लहानच राहिले असते. मोजलेले वितरण तीन घटकांच्या गणिताशी जुळले.

त्यानंतर जस्त-54 आणि निकेल-48 यांच्याही प्रोटॉनरेषा अशाच कक्षांत दिसल्या. 2016 मध्ये जपानमधून क्रिप्टॉन-67 ची नोंद आली: अर्धायुष्य 7.4 मिलिसेकंद, दोन-प्रोटॉन शाखेचा वाटा सुमारे 37 टक्के. हा क्षय तीन घटकांच्या तोवरच्या गणिताहून वेगवान निघाला. केंद्रकाचा विकृत आकार, किंवा एकामागून एक होणाऱ्या उत्सर्जनाची सरमिसळ, अशी दोन्ही स्पष्टीकरणे मांडली गेली आहेत.