लांबच्या राइडला बूड दुखतं? सीटआधी हवा बघू
(हार्डटेल, म्हणजे फक्त पुढं शॉकअप असलेली सायकल, वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

थंडी पडली की परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणारे वाढतात, आणि सोमवारी दुकानात तीच तक्रार येते: "भाऊ, सीट बदलून द्या, बसवत नाही."

सीट आम्ही विकतो, पण पहिल्या फेरीत विकत नाही. आधी मागच्या चाकाला हवेचं मीटर लावतो. बहुतेक वेळा काटा ५५-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाखवतो. हार्डटेलला शॉकअप फक्त पुढं असतात. मागं धक्का खायला आहे तो टायरच, आणि तोच दगडासारखा फुगवला की गिट्टीचा एकेक खडा थेट कमरेत जाणवतो.

टायरच्या कडेला 'मॅक्स ६५ पीएसआय' असं काही छापलेलं असतं. ती वरची हद्द आहे, तेवढी हवा भरा असं सांगणं नाही. आम्ही ३२ भरून देतो. ग्राहक अंगठ्यानं दाबून बघतो, त्याला हवा कमी वाटते, आणि घरी जाता जाता ट्रॅक्टरच्या टायरवाल्याकडं कॉम्प्रेसरनं फुल करून घेतो. पुढच्या आठवड्यात सायकल पुन्हा आमच्या दारात. तुमची चक्कर वाया, आमचा अर्धा तास वाया. अंगठ्याला ३२ आणि ४५ मधला फरक नीट कळत नाही, मीटरलाच कळतो.

वजन ७० किलोच्या आसपास आणि टायर सव्वादोन इंची, ट्यूबवाला असेल तर पांदण रस्त्याला मागं ३२, पुढं २८ पासून सुरुवात करा. सगळा डांबरी रोड असेल तर पाचेक वाढवा, मागं सामान बांधलं तरी वाढवा. फार उतरवूही नका. खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चेपते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

"पण बाभळीचे काटे?" काटा टाईट टायरमध्येही शिरतो. त्याला इलाज सीलंटचा, म्हणजे भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाचा. ट्यूबमध्ये आम्ही भरून देतो.

हवा बरोबर असूनही दुखलं, तर सीटची उंची. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा; पेडल खाली गेल्यावर गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं पेडल मारताना तो थोडा वाकलेला राहतो. सीट खाली असली की पायांवर भार येत नाही, सगळा बुडावर येतो. गिट्टी लागली की पेडल आडवे धरून बूड जरा उचला.

मऊ जेल कव्हर मागू नका. तासाभरात हाडं त्यात रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. दुकानात पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवलाय. त्यावर मिनिटभर बसा, हाडांचे दोन खळगे उमटतात. त्यांच्यातलं अंतर मोजून त्याला जुळणाऱ्या रुंदीची सीट देतो. ती मऊ नसली तरी पाच तास बसवते. पॅडवाली चड्डी घ्याल तर तिच्याखाली दुसरी घालू नका.

सायकल भाच्याच्या हाती पाठवू नका. तुम्ही बसल्याशिवाय उंची लावता येत नाही, म्हणून नेहमीचे बूट घालून स्वतः या. मीटरवाला पंप आमच्याकडं मिळतो. घ्यायचा नसेल तर राइडच्या आदल्या संध्याकाळी हवा इथं तपासून घ्या, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.