कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियमन व तंत्रज्ञान पुरवठा साखळी : ग्रामीण विदर्भ

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोणाला विकावीत आणि कशासाठी वापरावीत, यावर निरनिराळ्या देशांनी बंधने घातली आहेत. त्यामुळे चिप, यंत्रे, सॉफ्टवेअर आणि डेटा यांच्या जागतिक व्यापारात होणारे बदल येथे ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात पाहिले आहेत. चंद्रपूरच्या जंगलालगतचे वाघ टिपणारे कॅमेरे, कपाशीवरचे फवारणी ड्रोन, बोंडअळीचे पतंग मोजणारी ॲप ही या साखळीची इकडची टोके. बाहेरच्या देशांचे कायदे विदर्भाकडे पाहून केलेले नाहीत. तरी किंमत, विलंब आणि रखडलेली दुरुस्ती या रूपांत ते गावात पोहोचतात.

बंधने ढोबळमानाने दोन प्रकारची. काही यंत्राला लागू होतात, काही वापराला. पहिल्या प्रकारात अमेरिका पुढे आहे. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी तिने प्रगत चिप आणि त्या बनवण्याची सामग्री चीनला देण्यावर निर्बंध घातले. एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीने मर्यादेत बसतील अशा ए८०० व एच८०० या चिप चीनसाठी काढल्या, तर पुढच्याच ऑक्टोबरात त्याही अडवल्या गेल्या. जानेवारी २०२५ च्या अमेरिकी नियमाने जगाचे तीन गट पाडून भारताला मधल्या, म्हणजे ठरावीक कोट्यापुरत्याच चिप मिळणाऱ्या गटात बसवले होते. मे महिन्यात तो नियम अमलात येण्याआधीच मागे घेतला गेला. चीननेही ऑगस्ट २०२३ पासून चिप बनवायला लागणाऱ्या गॅलियम व जर्मेनियम या मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना लावला. गावातल्या कॅमेऱ्यातील चिप या मर्यादांच्या फार खाली असते, म्हणून ती थेट अडत नाही. मात्र त्या कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर जेथे घडते तेथील संगणकशक्तीचा दर या नियमांनी खालीवर होतो.

ड्रोनची गोष्ट अधिक जवळची आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवरच्या पंपाला पर्याय म्हणून ड्रोनची चर्चा त्यानंतर वाढली. २०२३ मध्ये आलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटाला किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य मिळते. केंद्राने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, पण सुट्या भागांना मोकळीक ठेवली. यंत्रावर देशी कंपनीचे नाव, आत बाहेरची मोटर, असे त्यामुळे होऊ शकते. चीनने सप्टेंबर २०२३ पासून काही ड्रोन-भागांवर आणि एप्रिल २०२५ पासून सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर निर्यात-नियंत्रण आणले. त्यांतील डिस्प्रोसियम व टर्बियम मोटरमधल्या उष्णता सोसणाऱ्या चुंबकांत लागतात. काटेकोर अर्थाने हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कायदे नव्हेत. पण भर हंगामात मोटर मिळाली नाही आणि ड्रोन घरात पडून राहिला, तर बचत गटाच्या बाईंना या फरकाचे काय? बोंडअळी काही परवान्यासाठी थांबत नाही.

दुसऱ्या प्रकाराचा ठळक नमुना म्हणजे १ ऑगस्ट २०२४ रोजी लागू झालेला आणि टप्प्याटप्प्याने अमलात येणारा युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा. तो यंत्राची ताकद कमी आणि वापरातला धोका जास्त पाहतो. ताडोबाच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ येथे २०२३ मध्ये कॅमेऱ्यांची ‘आभासी भिंत’ उभारण्यात आली. शिवारात वाघ दिसला की इशारा जातो. युरोपीय मोजमापाने वाघ ओळखणे हे अतिजोखमीचे काम नाही. तोच कॅमेरा तेंदूपत्ता तोडायला निघालेल्या माणसाचा चेहरा दुरून ओळखू लागला, तर सगळी वर्गवारी बदलते. सीतारामपेठला हा कायदा लागू नाही. पण अतिजोखमीची प्रणाली युरोपात विकायची तर आयातदाराला उत्पादकाची तपासणी व कागदपत्रे पाहावी लागतात, आणि दुसऱ्याच्या अशा प्रणालीवर आपले नाव लावणारा स्वतःच पुरवठादार म्हणून जबाबदार ठरतो. कायद्याने पूर्ण बंदी घातलेल्या वापरासाठी दंड साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जास्त असेल तो. ही जबाबदारी करारांतून खालच्या छोट्या कंपन्यांवर ढकलली जाते, आणि तिचा खर्च शेवटी किमतीत येतो.

याच कायद्यात एक मोलाची अट आहे : अतिजोखमीची प्रणाली जेथे वापरायची त्या भूभागाला साजेसा डेटा तिच्या प्रशिक्षणात हवा. विदर्भाला हवी ती नेमकी हीच अट, आणि ती येथे कोणावर बंधनकारक नाही. नर पतंगांना वासाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली, असा गुलाबी बोंडअळीचा ठोकताळा आहे. वाधवानी एआय या संस्थेचे कॉटनएस हे ॲप सापळ्यातल्या पतंगांच्या फोटोवरून मोजणी करून सल्ला देते. मोजणीत पतंग सहाचे आठ झाले, तर औषधाचा आणि मजुरीचा खर्च नाहक होतो. आठाचे सहा झाले, तर बोंडे किडतात. परदेशातले तयार सॉफ्टवेअर आणणाऱ्याने ते आधी वऱ्हाडातल्या काळ्या मातीवर, पावसात भिजलेल्या सापळ्यांवर तपासावे, असे सांगणारा नियम भारतात नाही.

भारताने स्वतंत्र कायदा टाळून नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. महाराष्ट्राच्या शेतीसाठीच्या महाॲग्री-एआय धोरणात (२०२५–२९) ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे. सरकारी खरेदीच्या निविदेत स्थानिक चाचणी आणि सुट्या भागांची हमी यांची अट घालता येते; कायद्यापेक्षा हा रस्ता जवळचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली पतंगाचा फोटो येत नाही, त्यासोबत गेलेला शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक येतो.