संरक्षण पेटंटांचे व्यापारीकरण (मराठवाडा)

संरक्षण प्रयोगशाळांनी पेटंट घेतलेले शोध परवान्यावर उद्योगांना देऊन त्यांतून विकण्याजोगी वस्तू घडवण्याची प्रक्रिया. भारतात असे बहुतेक शोध संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या (डीआरडीओ, स्थापना १९५८) नावावर असतात. प्रस्तुत नोंदीत ही प्रक्रिया छत्रपती संभाजीनगर परिसरातील लघु-मध्यम उद्योगांच्या बाजूने पाहिली आहे. पुण्या-बंगळुरूहून ती बरीच सोपी दिसते.

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. एरवी अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पण शोध संरक्षणाच्या कामाचा वाटला तर पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३५ खाली पेटंट नियंत्रक तो गुप्त ठेवण्याचा आदेश देतो आणि त्या आदेशाचा सहा-सहा महिन्यांनी फेरविचार होतो. परदेशात पहिला अर्ज करायचा तर कलम ३९ प्रमाणे आधी परवानगी लागते. हे बंधन वाळूजच्या कारखानदाराने स्वतः लावलेल्या शोधालाही आहे. बरेच जण ते विसरतात.

परवाना मिळवणे हा आता या वाटेवरचा सर्वांत स्वस्त टप्पा आहे. २०१९ मध्ये डीआरडीओने सुमारे ४५० पेटंटे भारतीय उद्योगांना विनामूल्य खुली केली. विकासाच्या टप्प्यापासून भागीदार म्हणून निवडलेल्या उद्योगाला हस्तांतरण शुल्कही माफ असते. अडचण पुढे सुरू होते. पेटंटातल्या मजकुरावरून वस्तू बनत नाही. त्यासाठी ड्रॉइंग, धातूचे तपशील, हीट ट्रीटमेंटची पद्धत आणि चाचण्यांची कार्यपद्धती लागते. शिवाय काही गोष्टी कागदावर नसतातच. त्या प्रयोगशाळेतल्या माणसांकडे बसून शिकाव्या लागतात.

कौशल्याच्या बाबतीत मराठवाडा कमी नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याभोवती सुटे भाग करणाऱ्यांची फळी उभी राहिली. इंडो-जर्मन टूल रूम आणि मराठवाडा ऑटो क्लस्टरमुळे डाय, जिग, मोजमाप यांची सोयही झाली. पण या मशीन शॉपचे (यंत्रकामाच्या कारखान्यांचे) गणित नगांच्या संख्येवर बसलेले. दुचाकीचा एखादा भाग महिन्याला हजारोंनी निघतो, त्यात डायचा खर्च विरून जातो. संरक्षणाच्या कामात वर्षाकाठी काहीशे नग, कधी त्याहूनही कमी. धातूच्या बारच्या हीट नंबरपासून (ओतणीच्या क्रमांकापासून) गिरणीच्या मिल टेस्ट सर्टिफिकेट आणि सीएमएम (अचूक मोजमापाचे यंत्र) रिपोर्टपर्यंत प्रत्येक नगाची कुंडली जपावी लागते. विशेष पोलाद हवे असेल तर गिरणी काही टनांखाली ऑर्डर घेत नाही, आणि गरज असते दोन-तीनशे किलोंची! उरलेला माल गोदामात पडून राहतो, त्यावरचे बँकेचे व्याज मात्र चालूच असते. वाहनविषयक चाचण्यांसाठी अहिल्यानगरची वाहन संशोधन संस्था (व्हीआरडीई) त्यातल्या त्यात जवळ. दारूगोळ्याच्या किंवा स्फोटकांच्या चाचण्यांसाठी सरकारी रेंजवर तारीख मिळेपर्यंत थांबावे लागते.

पैशाच्या योजना आहेत. तंत्रज्ञान विकास निधीतून (टीडीएफ) प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि २०२२ पासून ५० कोटी रुपयांपर्यंतच्या प्रकल्पांना मदत मिळते. संरक्षणातील नवकल्पनांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयडेक्सच्या मूळ योजनेत नवउद्योगाला दीड कोटीपर्यंत अनुदान आहे, पण स्वतःचाही वाटा घालावा लागतो. स्थानिक पातळीवर उद्योजकांच्या सीएमआयए संघटनेने उभारलेले 'मॅजिक' हे केंद्र नवउद्योगांना हात देते.

मात्र गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. निविदा, मैदानी चाचण्या, दरवाटाघाटी यांत वर्षे जातात. तेवढा काळ टिकण्याचे बळ लहान कारखान्यात नसते. निर्यात करायची तर स्कोमेट यादीप्रमाणे (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या संवेदनशील वस्तूंची सरकारी यादी) वेगळी परवानगी लागते. ऑर्डर आधीच पक्की असेल तर काय होते, हे २०२१ मध्ये दिसले. 'तेजस' विमानातील वैमानिकासाठी बंगळुरूच्या प्रयोगशाळेने विकसित केलेल्या प्राणवायू-निर्मितीच्या तंत्रावरून मिनिटाला १,००० लिटरचे रुग्णालयीन प्रकल्प तयार झाले. टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्स आणि कोइमतूरच्या ट्रायडंट न्यूमॅटिक्सला मिळून ३८० प्रकल्पांची मागणी एकदम नोंदवली गेली. तंत्र संरक्षण प्रयोगशाळेचेच होते, पण या वेळी ते कोण घेणार हा प्रश्नच नव्हता.

नागरी वापराची तंत्रे म्हणूनच मराठवाड्याला अधिक जवळची. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांसाठी विकसित केलेली टिकाऊ तयार जेवणाची तंत्रे परवान्यावर मिळतात. डाळमिलांच्या लातूरला त्यांत वाव आहे. त्या मालाला दुकानातले गिऱ्हाईक मिळू शकते, निविदेची वाट पाहावी लागत नाही.

लोहकामात मात्र रूढ वाट उपपुरवठादाराची आहे. परवाना बाहेरच्या मोठ्या कंपनीकडे, मशिनिंगचे जॉबवर्क वाळूज-शेंद्र्याला. बहुतेक सुट्या भागांना संरक्षण उत्पादनाचा औद्योगिक परवाना लागत नसल्याने हा मार्ग लहान शॉपना परवडतो. त्यात फिक्स्चर (नग पकडून ठेवणारे साधन) बदलून किंवा कापण्याचा क्रम बदलून वेळ वाचवणाऱ्या ज्या सुधारणा होतात, त्यांचे पेटंट घ्यावे असे सहसा कुणाला सुचत नाही.